तालमीच्या मातीतलं ताक

आमच्या गावच्या तालमीची व्यायामशाळा झाली. यंत्रं आली, बायकांसाठी सकाळची वेळ आली, फी मात्र अशी की ऐकूनच दम लागावा. कुस्तीचा हौदा तेवढा जुना ठेवला. उद्घाटनाला अध्यक्ष खोतांनी त्यातली माती कपाळाला लावून गर्जना केली, "या मातीत ज्याचं काही मुरलंय, त्याला आयुष्यभर फुकट!"

दुसऱ्या दिवशी शेवंताक्का दारात हजर. तरुणपणी ती हौद्यातली माती मऊ राहावी म्हणून ताकाची चरवी आणायची. बाईला आत बंदी. चरवी आत जायची आणि रिकामी परत येईपर्यंत अक्का बाहेर शड्डूंचे आवाज ऐकत उभी राहायची.

"मला फुकट घ्या," ती म्हणाली. "माझं ताक मुरलंय."

खोत हसले. "अक्का, घाम मुरावा लागतो. ताक चालत नाही."

"मग निवडून काढा माझं ताक. चरवी आणलीय. भरून द्या, निघते मी."

खोतांनी मातीकडे पाहिलं, चरवीकडे पाहिलं आणि दार सोडलं.

यंत्रांकडे न बघता अक्का हौद्यापाशी गेली. मूठभर माती तिने नाकाशी धरली.

"अजून आंबूस वास येतोय," ती हळूच म्हणाली. "माझं तेवढंच आत येत होतं."