गोबऱ्याच्या पोटातली वाम

फार पूर्वी उबदार समुद्रातल्या एका खडकाजवळ तारलीची पिल्लं एकेक करून नाहीशी होऊ लागली. त्या खडकावर गोबरा माशाची सत्ता होती. त्याने सगळ्यांना जमवलं आणि वाळूत राहणाऱ्या पट्टेरी वामेवर आळ घेतला. "ही वाम नाही, विषारी साप आहे. हाकला हिला!"

"मी विषारी असते तर तू एवढ्या जवळ येऊन ओरडला असतास का?" वाम म्हणाली. "पिल्लं तू गिळतोस. वाळूतून डोकं वर काढून मी पाहिलंय."

"गप्प बस गं," खेकडा कुजबुजला. "आपल्याला इथेच राहायचंय."

"तुझी पिल्लं गेल्यावर बोलशील का?"

गोबऱ्याने जबडा उघडला आणि तिला अख्खं गिळलं. सगळे खाली बघू लागले. तारलीला रडायचीही भीती वाटली.

पण वाम वाळूत शिरते ती शेपटीकडून, आणि त्या शेपटीचं टोक दाभणासारखं टणक असतं. तिने ते गोबऱ्याच्या पोटाला आतून लावलं आणि गरगर फिरवलं.

"बाहेर ये बाई! काय हवं ते बोल!" गोबरा लोळत किंचाळला.

"येते. आधी भोक मोठं करू दे," आतून आवाज आला. "तारलीताई, तुमची पिल्लं इथे जिवंत आहेत. त्यांना माझ्याआधी बाहेर काढते."