हळदीची पिल्ले

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण त्या गावात वर्षे कुणी मोजत नसे. पाऊस आला की पेरायचे, थंडी आली की शेकायचे, एवढाच त्यांचा हिशोब. गाव डोंगराच्या पायथ्याशी होते, आणि घर म्हटले की परसात कोंबड्या असायच्याच.

एक रीत मात्र त्या गावाची वेगळी होती. तिथे कोंबडी कुणी विकत घेत नसे. विकतची कोंबडी परसात टिकत नाही, जुन्या घराकडे तोंड करून बसते, असा लोकांचा पक्का समज होता. कोंबडी हवी असली तर ती अर्धेलीने मिळवायची. म्हणजे कुणाची कोंबडी खुडूक झाली, अंडी द्यायची थांबून नुसती फुगून बसू लागली, की ती अंड्यांसकट मागून आणायची. आपल्या घरी बसवायची, दाणापाणी करायचे, पिल्ले निघाली की ती राखायची. पुढे पिल्ले मोठी होऊन आई त्यांना टोचून दूर करू लागली, की मालकीण यायची. सगळी पिल्ले बांबूच्या एका मोठ्या डालग्याखाली कोंडायची आणि दोघींनी पाळीपाळीने, न बघता, आत हात घालायचा. हाताला येईल ते आपले. निम्मी हिची, निम्मी तिची. मालकीण आपली कोंबडी आणि आपली पिल्ले घेऊन घरी जायची, आणि दुसरीच्या परसात पहिल्यांदाच हक्काचे खुराडे भरायचे.

त्या गावात हौसा नावाची एक सून आली. तिचे माहेर शेळ्यामेंढ्यांचे, त्यामुळे कोंबडी तिने फक्त दुसऱ्याच्या अंगणात पाहिलेली. नवरा पहाटे रानात लाकडे तोडायला जायचा तो दिवेलागणीला परत यायचा. दोघांचे नवे घर गावाच्या कडेला होते. घरात चूल होती, जाते होते, पाण्याचा रांजण होता. कोंबडी नव्हती.

याचे तिला विशेष काही वाटत नसे. पण एकदा तिचा भाऊ पाहुणा आला. पाहुण्याच्या ताटात अंड्याची पोळी वाढायची म्हणून हौसा वाटी घेऊन शेजारी गेली, आणि अंडे मागून आणले. भाऊ जेवला. जाताना त्याने परसाकडे एकदा बघितले आणि काही बोलला नाही. तो काही बोलला असता तर हौसा विसरूनही गेली असती. तो बोलला नाही, ते तिच्या मनाला लागून राहिले. तिने ठरवले, आपल्या दारात आपली कोंबडी पाहिजे. पुढच्या खेपेला भाऊ येईल तेव्हा वाटी घेऊन आपण कुठे जायचे नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला गिरजाकाकी राहायची. वयस्कर बाई, गुडघ्यांनी थकलेली, पण कोंबड्या सांभाळण्यात गावात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. तिची एक तांबडी कोंबडी खुडूक झाल्याचे हौसाच्या कानावर आले, तशी ती धावतच गेली.

"काकी, तांबडी खुडूक झालीय म्हनं. मला द्या की अर्धेलीनं."

गिरजाकाकीने तिला आपादमस्तक न्याहाळले. "पाळलीस का कधी कोंबडी?"

"न्हाई. पर शिकंन."

"शिकशील. घेऊन जा. खुराड्यात राख टाक, न्हाईतर पिसवा व्हतील. दिसातनं एकदा ती उठंल, तवा दानं आन् पानी म्होरं ठेव. आन् एक ध्यानात धर. आई टोचत न्हाई तंवर वाटनी न्हाई. तंवर सगळी पिल्लं दोघींची."

"व्हय, व्हय," हौसा म्हणाली. तिचे अर्धे लक्ष तांबडीकडे होते.

हौसाने तांबडीला जिवापाड जपले, हे मान्य केले पाहिजे. तांबडी काही सोपी कोंबडी नव्हती. जवळ गेले की गुरगुरायची, हात पुढे केला की टोचायची. दिवसातून एकदा उठायची ती नेमकी हौसाने लावलेल्या कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन माती उकरून काढायची. हौसा कपाळाला हात लावायची, पण हाकलायची नाही. अंड्यांवर ऊब कमी पडू नये म्हणून फुटक्या भिंतीला तिने गोणपाट लावले. शेवटी एका सकाळी खुराड्यातून बारीक चिवचिव ऐकू आली. दहा पिल्ले निघाली. हौसाला इतका आनंद झाला की ती कामधाम सोडून दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली.

आणि तिथेच बसल्या बसल्या तिच्या डोक्यात आले, यातली माझी कुठली?

वाटणीला अजून कितीतरी अवकाश होता. पण एकदा हा प्रश्न डोक्यात शिरला की तो बाहेर काढणे अवघड. हौसा घरात गेली, वाटीत हळद कालवली, आणि डोळ्यांना बरी दिसतील अशी पाच पिल्ले पिवळी करून टाकली. पाच पिवळी, ती माझी. पाच साधी, ती काकीची. तिच्या जिवाला मोठे समाधान वाटले. पिल्लांना यातले काही कळले नाही, आणि तांबडीलाही नाही. ती दहांनाही सारखेच बोलवायची आणि दहांनाही सारखेच पंखाखाली घ्यायची.

हौसाचे मात्र त्या दिवसापासून सगळेच दोन झाले. कण्या बारीक करून टाकायची, त्या पिवळ्यांपुढे. साध्यांना उरलासुरला कोंडा. पिवळे पिल्लू कुंपणाकडे गेले की ती हातातले काम टाकून उठायची. साधे गेले तर म्हणायची, येईल परत. ती काही दुष्ट नव्हती. तिने साध्यांना कधी हाडहूड केली नाही. फक्त तिची नजर त्यांच्यावरून घसरून जायची, एवढेच.

एक दिवस घार आली. तांबडीने ओरडून पिल्लांना बोलावले, हौसाही काठी घेऊन धावली, पण धावली ती पिवळ्यांच्या दिशेने. घारीने एक साधे पिल्लू उचलले. बाजाराच्या वाटेवर गिरजाकाकी भेटली, तेव्हा हौसा म्हणाली, "काकी, तुमचं एक घारीनं नेलं."

"माजं?" काकी थबकली. "माजं कुठलं? वाटनी झाली का?"

"न्हाई, म्हंजे..."

"मग आपलं गेलं म्हन. घारीचं पोट ती भरनारच. ऱ्हायल्याली संबाळ." आणि काकी गुडघे दाबत पुढे निघून गेली.

हौसाला वाटले, म्हातारी माणसे असे मोठ्या मनाचे बोलतात. तिने ते मनावर घेतले नाही.

मग ती संध्याकाळ आली. थंडीचे दिवस होते, पावसाचा महिना नव्हता, तरी अचानक आभाळ भरून आले आणि वाऱ्यासकट पाऊस कोसळू लागला. तांबडी पिल्लांना घेऊन परसात चरत होती. हौसा बाहेर पळाली. चिखलात धावत, घसरत, तिने एकेक करून पाचही पिवळी पिल्ले पदरात गोळा केली, घरात आणली आणि डालग्याखाली ठेवली. साधी चार सरपणाच्या ढिगाखाली शिरली होती. तांबडी दारापर्यंत आली. आतून पिवळ्यांचा आवाज येत होता, मागून साध्यांचा. ती दोनदा आत-बाहेर झाली, आणि शेवटी जी पावसात होती त्यांच्याकडे गेली. ढिगाच्या पोटात शिरून ती पंख पसरून बसली.

हौसाला वाटले, कोंबडीला हाताने धरून आत आणावे, आणि तिच्या मागून तिची चारही. पण अंग भिजले होते, पाऊस थांबत नव्हता, आणि आपली तर घरात आली होती. तिने दार लावून घेतले.

सकाळी ऊन पडले. हौसाने डालगे उचलले. पाचही पिल्ले एकमेकांना चिकटून पडली होती. हळद पावसाने धुऊन गेली होती, आणि अंगे थंड होती. ओल्या पिल्लाला छप्पर पुरत नाही, आई लागते, हे तिला तेव्हा कळले. बाहेर सरपणाच्या ढिगाखालून तांबडी उठली, अंग झाडले, आणि तिच्या पोटाखालून चारही पिल्ले कोरडी ठणठणीत बाहेर आली.

हौसा उंबऱ्यावर बसून रडली. पिल्लांसाठी रडली, आणि थोडी स्वतःसाठीही. तिच्या हिशोबाने आता दारात हिंडत होती ती सगळी काकीची. तिची एकही उरली नव्हती.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. गिरजाकाकी दिसली की ती दुसऱ्या वाटेने जायची. मात्र चार पिल्लांना ती आता चांगले सांभाळू लागली, कारण तिच्या मनात एक गोष्ट शिजत होती. पिल्लांची लव झडली, अंगावर खरी पिसे आली. एके दिवशी तांबडीने जवळ आलेल्या पिल्लाला टोचून दूर केले. वाटणीची वेळ झाली होती. काकीने निरोप धाडला, उद्या येते.

हौसाने पुन्हा वाटीत हळद कालवली. चारांतली दोन निवडायची होती. तिने नीट निरखून पाहिले. दोन पिल्ले अंगाने थोराड होती, पाय जाड, चाल ऐटीची, आणि डोक्यावर तुरा लालसर दिसू लागलेला. दुसरी दोन बारकी, गुपचूप, तुऱ्याचा पत्ता नाही. हौसाने अर्थातच ती थोराड दोन निवडली. ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना इथे हसू येईल. त्यांनी जरा कळ काढावी.

गिरजाकाकी आली. अंगणात बसली, पाणी प्याली, आणि चार पिल्लांकडे बघत राहिली. दोन पिवळीधमक, दोन साधी.

हौसा म्हणाली, "काकी, मी पिल्लं निघाली तवाच वाटून घेतली व्हती. वळखू यावी म्हनून माझ्या पाचांना हळद लावली. तुमची तीन गेली, माजी तीन गेली. ही दोन माजी, ती दोन तुमची."

काकीने एक पिवळे पिल्लू उचलून मांडीवर घेतले. पंख उघडून बघितला, बोट फिरवले, बोटाला लागलेली हळद लुगड्याला पुसली.

"हौसा," ती सावकाश म्हणाली, "निघाली तवा पिल्लांना लव असती. लव झडली, पिसं नवी आली. जुनी हळद नव्या पिसावर कशी गं चढली?"

हौसा खाली मान घालून बसली, आणि मग सगळेच सांगून मोकळी झाली. पावसाची संध्याकाळ, दार लावून घेतलेले, सकाळचे डालगे.

काकीने मांडीवरचे पिल्लू खाली सोडले. "मी तुला पयल्याच दिशी बोलले व्हते," ती म्हणाली. "आई टोचत न्हाई तंवर सगळी दोघींची. मेली ती दोघींची मेली. जगली ती दोघींची जगली. चार ऱ्हायली, तर दोन तुजीच व्हती. चोरायची काय गरज व्हती?"

हौसाने मान वर केली. हे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

"मग काकी, आता डालगं घालू? हात घालून काढू?"

"आता कशाला? आंधळा हात रंग लावायच्या आधी." काकी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "तू डोळं उघडं ठिवून निवडलीस. जी निवडलीस ती घे. कमी न्हाई, जास्त न्हाई."

आणि तांबडी व ती बारकी गुपचूप दोन पिल्ले घेऊन गिरजाकाकी गेली.

पुढचे सांगायला फार नाही. काकीने नेलेल्या त्या दोन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, निघाल्या, आणि सुगीपर्यंत अंड्यावर आल्या. हौसाची ती थोराड, तुरेवाली पिल्ले आणखी थोराड झाली. एका पहाटे त्यांतल्या एकाने कुंपणावर चढून बांग दिली. दुसऱ्याने छपरावरून तिला उत्तर दिले.

सुगीनंतर हौसाचा भाऊ पुन्हा पाहुणा आला. परसात दोन तुरेबाज कोंबडे मान वर करून हिंडत होते. भावाने ते बघितले आणि म्हणाला, "ताई, कोंबडे झकास हैत." हौसाने वाटी घेतली आणि शेजारी अंडे मागायला गेली.

भाऊ परत गेल्यावर ती गिरजाकाकीकडे गेली. दारात उभी राहिली, आत जायचे तिला धाडस झाले नाही. काकी कण्या पाखडत होती. तिच्या मागे तांबडी पुन्हा फुगून बसली होती.

"काकी," हौसा म्हणाली, "पुन्ना देशाल का?"

काकीने सूप खाली ठेवले. "घरात हळद हाय का?"

"हाय."

"मग ती कालवनात घाल," काकी म्हणाली, "आन् कोंबडी घेऊन जा."

तात्पर्य: जे अजून एकाच पंखाखाली वाढते आहे, त्यात माझे-तुझे करणारा सर्वांत आधी स्वतःचेच गमावतो.