वर येण्याची घाई

एकदा एक वृद्ध वाटाड्या होता. हिमशिखरांवर आणि समुद्राच्या तळाशी माणसांना न्यायचे व सुखरूप परत आणायचे, हेच काम त्याने चाळीस वर्षे केले. सारे त्याला आबा म्हणत, तेव्हा आपणही आबाच म्हणू. त्यांचा एक शिष्य होता. डोंगरात वाढलेला, काटक, बोलायला कमी आणि चालायला पुढे. आबांच्या पश्चात मोहिमांची धुरा याच्याच खांद्यावर येणार, हे उघड गुपित होते.

त्या वर्षी शिष्याची थोरली बहीण वारली. आई लहानपणीच गेलेली. या अक्कानेच त्याला वाढवले होते. तेरावे झाले आणि चौदाव्या दिवशी हा पाठीवर पिशवी टाकून आबांच्या दारात हजर! मोहिमांचा खर्च उचलणारे एक व्यापारी तिथे बसले होते. ते म्हणाले, "याला म्हणतात खंबीर मन!" लोकांना असे खंबीर मन फार आवडते, कारण त्याची विचारपूस करत बसावे लागत नाही.

आबांनी मात्र काही दिवस नुसते पाहिले. एका लहानशा चढाईत शिष्याने चौघांना मुक्कामाची जागा आली तरी थांबू दिले नाही. चहाचे आधण ठेवले की ते उकळेपर्यंत त्याला दम निघत नसे. एकाच्या टाचांना फोड आले होते, तेही याला दिसले नाहीत. एरवी सोबत्याचे पाऊल जरा वाकडे पडले तरी याच्या ध्यानात येई. आणि पुढच्याच महिन्यात अकरा जणांना घेऊन उत्तरेच्या हिमनदीवर जायचे होते.

"या खेपेला पुढारी मला करा," शिष्य म्हणाला.

"आधी माझ्याबरोबर समुद्रात चल."

"समुद्रात? आबा, माणसं बर्फावर जायचीत."

"म्हणूनच म्हणतो."

शिष्याला राग आला. पण गुरूची आज्ञा मोडण्याची त्याला सवय नव्हती. आठ दिवस त्याने किनाऱ्याजवळ पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घेण्याचे धडे घेतले. वर येताना सावकाश यायचे, पृष्ठभागाच्या जरा खाली पाच मिनिटे थांबायचे, हेही शिकला. नवव्या दिवशी एका निर्मनुष्य बेटाजवळ नावाड्याने होडी नांगरली, आणि नांगराचा दोर धरून दोघे खाली उतरू लागले.

खाली जाता जाता रंग एकेक करून मागे राहिले. हातमोज्याचा लाल रंग राखाडी झाला. तळाशी प्रवाळांची मोठी वाडी निळ्या उजेडात पसरली होती. हजारो मासे एकदम वळत, पुन्हा एकदम वळत, आणि त्यांच्यामधून एक म्हातारे कासव कुठलीही निकड नसल्यासारखे निघून गेले. आवाज होता तो फक्त स्वतःच्या श्वासाचा. तिथे करण्यासारखे काहीही काम नव्हते. बऱ्याच दिवसांनी शिष्याचे हात रिकामे होते, आणि त्या रिकामपणात त्याला अक्का दिसली. अंगणात बसून ती त्याचे केस विंचरत होती. हलू नकोस म्हणून डोक्यात टपली मारत होती.

त्याचा जीव घाबरा झाला. उंचावर असे झाले की विचार करत बसायचे नसते, तडक खाली उतरायचे असते. निम्मा डोंगर उतरला की बरे वाटते. जागा सोडायची, एवढेच त्याच्या अंगाला ठाऊक. तो पाय झाडत वर निघाला. आबांनी त्याचे मनगट पकडले आणि त्याला आपल्या संथ गतीने वर आणले.

होडीचा तळ दिसू लागला तेव्हा ते थांबले. पाच मिनिटे झाली. शिष्याने घड्याळाकडे बोट दाखवले. आबांनी नकारार्थी मान हलवली. दहा झाली. त्याने हाताला हिसडा दिला, पण म्हाताऱ्याची पकड पक्की होती. होडी हाकेच्या अंतरावर, डोक्यावर ऊन डुलते आहे, आणि हा मधल्या निळाईत टांगलेला! शेवटी त्याने धडपड सोडली. मग त्याला रडू आले. हुंदक्यांचे बुडबुडे वर जात राहिले. आबांनी दोर सोडला नाही, की त्याचे मनगटही.

होडीत चढल्यावर शिष्य म्हणाला, "पाच मिनिटं पुरे होती ना?"

"शरीराला पुरे होती," आबा म्हणाले. "अरे, खोल पाण्यात श्वासाबरोबर काहीतरी अंगात मुरतं. तेव्हा ते दुखत नाही. सावकाश वर आलं तर श्वासाबरोबरच निघून जातं. एकदम वर आलं तर आत फसफसतं, आणि मग चांगला चालता-बोलता माणूस कोसळतो. डोंगराचं दुखणं वेगळं. ते जागा सोडली की सुटतं. तू तेवढंच शिकलास, उत्तम शिकलास. पण अक्का गेली, हे दुखणं पाण्याचं आहे, बाळा. आणि तू चौदाव्या दिवशी वर आलास."

नावाड्याने इंजिनाला हात घातला होता. आबांनी त्याला खुणेनेच थांबवले.

"ती गेली तेव्हा मी चढाईवर होतो," शिष्य म्हणाला. हे तो प्रथमच कुणाजवळ बोलत होता. "घरी पोचलो दहाव्या दिवशी. तिनं शेवटी दोनदा विचारलं म्हणे, आला का." मग तो अक्काविषयी बोलत राहिला. ऊन कलले, भरतीचे पाणी होडीला हळूहळू फिरवत राहिले, आणि आबा ऐकत होते.

निघताना शिष्याने दोर गुंडाळून ठेवला. "आबा, अकरा जणांना दुसऱ्या कुणाला नेऊ द्या. मी सगळ्यात शेवटी चालतो. मागं पडेल त्याच्यासोबत कुणीतरी हवं."

आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आपल्या ओळखीत नुकतेच कुणाचे माणूस गेले असेल, तर त्याच्याकडे अवश्य जावे. आणि जाताना जरा वेळ काढून जावे.