गारोबाची घोंगडी

एकदा काय झालं, पौषातली वद्य तृतीया होती बरं का, वार मंगळवार. आभाळ निरभ्र, वारा उत्तरेचा, आणि थंडी अशी, की रांजणातल्या पाण्यावर साय धरली होती. त्या दिवशी सकाळी गारोबा डोंगर कुडकुडायला लागला.

हो, डोंगर! एका तपातून एकदा त्याला थंडी भरायची. मग तो थरथरायचा, आणि त्याच्या अंगावरचे दगड गडगडत खाली मेंढेवाडीवर यायचे. त्यावर उपाय एकच. वाडीतल्या सणगराने त्याच्यासाठी घोंगडी विणायची आणि माथ्यावर नेऊन पसरायची. घोंगडी असायची माणसाच्या मापाचीच. पण तिच्यात ऊब असली, की ती आपोआप वाढायची, कडे उतरायची, दऱ्या झाकायची, पार पायथ्यापर्यंत.

आजवर हे काम वाडीतल्या येसू नावाच्या पोरीचे आबा करायचे. आता त्यांची बोटं वळत नव्हती. मग येसू विणायला बसली.

सणगराचा माग खड्ड्यात असतो. आबांच्या घरात विणणाऱ्याचं तोंड भिंतीकडे असायचं. येसूने काय केलं? अंगणात नवा खड्डा खणला आणि तोंड केलं रस्त्याकडे.

"पोरी, आत बस. भिंतीकडे तोंड करून बस," आबा म्हणाले.

"भिंत काय शाबास म्हणते का, आबा?"

मग राजाची स्वारी आली. राजा हत्तीवरून वाकून बघायला लागला. येसूला वाटलं, घोंगडी कशी झळकली पाहिजे! चिंचोक्याची खळ एकदा लावायची, ती तिने तीनदा लावली. राजा म्हणाला, "वाहवा! आरसाच जणू!"

येसू घोंगडी घेऊन माथ्यावर गेली. पण खळीने ती झाली होती पापडासारखी ताठ. पसरेचना. मग डोंगर बोलला. आवाज इतका खोल, की येसूला तो कानांनी नाही, तळपायांनी ऐकू आला.

"कुणासाठी विणलीस गं?"

"तुमच्यासाठी, गारोबा."

"मग हिच्या दशा राजवाड्याकडे का बघतायत?"

येसूने पाहिलं. खरंच की! वारा एकीकडे, आणि टोकाला सुट्या लोंबणाऱ्या धाग्यांच्या दशा सगळ्या राजवाड्याकडे वळलेल्या. येसू घोंगडी उचलून खाली आली. त्या दिवशी एक दगड आला आणि मेंढरांचा वाडा मोडून गेला.

मग तिने दुसरी घोंगडी मागावर घातली. आता आळीतल्या बायका जमल्या.

"येसे, काठ लाल घे गं."

"लाल कसला? निळा घे."

"आमच्या माहेरी बाई पिवळाच!"

येसूने लाल घेतला, निळा घेतला, पिवळाही घेतला. धागा तोडायची, गाठ मारायची. तोडायची, गाठ मारायची. बायका म्हणाल्या, "काय हात आहे पोरीचा!" माथ्यावर नेल्यावर गाठी पटापट सुटल्या. घोंगडी एका कड्यापुरती पसरली आणि तिची चाळण झाली.

"आता दशा वाडीकडे बघतायत," गारोबा म्हणाला, आणि आणखीच कुडकुडला.

या वेळी दगड आला तो थेट येसूच्या अंगणात. मागाचा चुरा झाला. मग वाडीने बोचकी बांधली. "नुसता देखावा हो!" त्याच बायका जाता जाता म्हणाल्या. मेंढरं गेली, माणसं गेली. आबांना चालवत नव्हतं. ते म्हणाले, "तू जा, पोरी." येसू गेली नाही.

आत आबांचा जुना माग होता. येसू त्यावर बसली. समोर भिंत. हात टेकला, तर भिंत थरथरत होती! कारण ती भिंत मातीची नव्हतीच, बरं का. तो गारोबाचाच कातळ होता. डोंगराच्या कुशीला घर टेकलेलं. नुकत्या जन्मलेल्या कोकराचं पोट हलतं ना, तसा तो कातळ हलत होता.

"अगं बाई," येसू म्हणाली, "किती गारठलाय हा!"

मग ती विणायला लागली. एका हाताने आडव्या धाग्याचा धोटा फेकायची, दुसरा हात कातळावर ठेवायची. वीण घट्ट झाली, की कातळ शहारायचा. मग ती उसवायची. मऊ झाली, की कातळ निवांत व्हायचा. मग पुढे जायची. भाकरी तशीच राहिली. ऊन आलं, गेलं. येसू गुणगुणत होती, आणि आपण गुणगुणतोय हे तिला ठाऊकही नव्हतं.

"कशी झालीय गं?" आबांनी विचारलं.

"गरम," येसू म्हणाली. मान वर केली नाही.

पहाटे तिने ती माथ्यावर नेली. सगळीकडे धुकं. तिने घोंगडी अंथरली मात्र, ती चालायला लागली! काळी, मऊ, नदीसारखी वाहत निघाली. कडे झाकले. दऱ्या झाकल्या. झाडांवरून गेली तरी एक घरटं हललं नाही. येसू दोन्ही हात छातीशी धरून बघत राहिली. मग पायाखाली एक श्वास आला, लांबच लांब. गारोबा घोरायला लागला.

माघ लागला तशी माणसं परतली. डोंगर उघडाच दिसत होता. घोंगडी त्याने अंगात मुरवून घेतली होती. बायका म्हणाल्या, "थांबलं बाई आपोआप!" आबा बोलायला गेले, तर येसू म्हणाली, "आबा, ती लोकर द्या इकडे."

मग एकही दगड आला नाही. मेंढेवाडी सुखात राहिली आणि येसू आतल्या मागावर विणत राहिली. चला, पाय आत घ्या, डोळे मिटा. गारोबा झोपलाय, तुम्हीही झोपा.