गुणाची पोर

फार पूर्वी, घड्याळं नव्हती तेव्हा, एका गावाची वेळ जोशीबुवांच्या घंगाळात तरंगत असे. बुडाला सुईएवढं भोक असलेलं तांब्याचं भांडं ते पाण्यावर सोडत. भांडं भरून बुडालं, की एक घटका झाली.

बुवांच्या ओसरीवर मुलंमुली शिकायला येत. मुलानं बरोबर उत्तर दिलं की बुवा म्हणत, "डोकं आहे हो याला." मुलीनं दिलं तर म्हणत, "गुणाची पोर." त्यांची सात वर्षांची लेकही तिथंच बसे. रोज ते भांडं चिंचेनं घासायचं काम तिचं.

बुवांची नजर आता अधू झाली होती. अशात भांडं उशिरा बुडू लागलं. बुवांनी मुलांना कोडं घातलं, "असं का होतं? जो फार हुशार असेल त्यानं पुढं यावं. हे भांडं पुढं त्याच्याच हाती देईन."

मुलगे झाडून सगळे पुढं सरकले, ज्याला धड वीसपर्यंत मोजता येत नव्हतं तोसुद्धा. मुली निमूट उठून सागरगोटे खेळायला गेल्या. बुवांची लेकही गेली. एक मुलगा ठणकावून म्हणाला, थंडीनं पाणी घट्ट झालंय. बुवांनी त्याची पाठ थोपटली आणि घंगाळात कोमट पाणी ओतलं.

दुसऱ्याच दिवशी पाटलांच्या घरी गोरज मुहूर्तावर लग्न होतं. नवरानवरी अंतरपाटाआड ताटकळत उभी. गाई घरी आल्या, त्यांची दुधंही काढून झाली, तरी बुवांचं भांडं तरंगतच होतं. मुहूर्त टळला. भर मांडवात बुवांची शोभा झाली.

घरी येऊन ते डोकं धरून बसले. लेक हळूच म्हणाली, "बाबा, भोकात पाण्याचा क्षार साचलाय. भांडं उन्हाकडे धरलं की किरण बारीक येतो."

"ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही हुशारांना विचारलं होतंत. मी नुसती गुणाची आहे ना."

बुवांना भर मांडवात वाटली नव्हती एवढी लाज वाटली. हे तिला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी ओसरीवर सगळ्यांदेखत त्यांनी आपली चूक कबूल केली, भांडं लेकीच्या हाती दिलं आणि म्हणाले, "डोकं आहे हो!"

लेकीनं मागं वळून पाहिलं. बुवा कुठल्या मुलाबद्दल बोलताहेत, ते तिला कळेना.

तात्पर्य: मोठ्यांच्या तोंडून ऐकतात तेवढंच मुलं स्वतःला मोजतात, शाबासकीचं माप मुलगा की मुलगी पाहून बदलू नये.