वाचून खात्री केली

विषय : कारकुनांनी पाठशाळेत केलेली नक्कल व त्यामुळे हैबतीच्या पाठीवर उठलेले वळ.

संदर्भ : चिमाबाई शाईवालीचा तोंडी अर्ज.

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, भानुराजांचा मूळ हुकूम होता, "हैबती निर्दोष आहे. सोडावे." नक्कल करताना त्र्यंबकराव कारकुनांचा हात घसरला आणि झाले, "निर्दोष आहे. झोडावे." उरलेल्या चौघा कारकुनांनी हुकुमावरून नव्हे, त्र्यंबकरावांवरून उतरवले. तुरुंगाधिकारी आज्ञाधारक. तो रोज झोडू लागला.

हैबतीची बहीण चिमाबाई दफ्तराला शाई पुरवायची. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, हे पाचही जण तुमच्या पाठशाळेत एकमेकांचं बघून पास झाले. तीच विद्या आता दफ्तरात चालवतात!"

राजे खवळले. पाठशाळा त्यांनी स्वतः काढली होती. "पाचांनाही शंभरपैकी नव्व्याण्णव गुण आहेत!"

"आणि गेलेला एक गुण पाचांचाही एकाच जागी गेला!"

"एका गुरूचे शिष्य! चुकणारही एकाच जागी! पुरावा हवा. पाचांचा कबुलीजबाब त्यांच्याच अक्षरात आण. एक प्रश्न विचारायचा नाही, एक धमकी द्यायची नाही. दिवस मावळेपर्यंत जमलं नाही, तर भावाशेजारी तुझीही सोय करतो!"

चिमाबाई एक कागद घेऊन दफ्तरात गेली. "दादांनो, नवी शाई आणलीय. फुटते की नाही ते बघायचंय. याची एकेक नक्कल करून द्या."

"वाचावं लागेल का?" त्र्यंबकरावांनी पान चघळत विचारले.

"छे! नुसतं लिहायचं."

"मग सोपं आहे!"

घटकाभरात पाच नकला राजांपुढे आल्या. प्रत्येकीत लिहिले होते : "मी परीक्षेत शेजाऱ्याचे पाहून लिहिले. मला काही येत नाही. तरी मी दफ्तरात आहे." खाली सवयीने केलेली सही आणि शेरा : "वाचून खात्री केली."

"हा कसला कबुलीजबाब!" राजे ओरडले. "ही तर नक्कल! त्यांनी न वाचता लिहिलंय!"

"परीक्षेतही न वाचताच लिहिलं होतं, महाराज! ते तुम्ही त्यांचं ज्ञान धरलंत. मग हे त्यांचंच म्हणणं धरायला काय हरकत आहे?"

राजे पाचही शेरे पुन्हा वाचू लागले. मग असे हसले, की पगडी घसरून मांडीवर आली!

चिमाबाईला लुगडे-चोळी मिळाली. सुटकेचा हुकूम राजांनी स्वतः लिहिला. तिने तो दोनदा वाचला, नकलेला न देता तुरुंगात नेला आणि भावाला घेऊन घरी गेली.

पाचही कारकून घरी बसले. परत घ्यावे म्हणून पाचांनी अर्ज केले आहेत. "यापुढे सर्व कामे स्वतःच्या बुद्धीने करीन," असे प्रत्येकात नमूद आहे. पाचही अर्जांखाली नाव त्र्यंबकरावांचे आहे.

सबब अर्ज प्रलंबित आहेत.