कनवटीची सुपारी

ऐक. मधे काही विचारू नकोस, फक्त ऐक. परवा मठात हे ऐकलं तेव्हापासून माझ्या अंगावरचा काटा अजून गेलेला नाही.

आमचे येसोबा महाराज हिरण्यकेशीच्या काठी हरळवाडीत राहायचे. तेव्हा आजच्यासारखा मठ कुठला! पिंपळाखाली एक कौलारू खोली, पुढं सारवलेलं अंगण, बास. महाराज बोलायचे कमी. पण बोलले की त्यात काहीतरी असायचं, आणि ते लोकांना मागाहून कळायचं.

एका माघात महाराज म्हणाले, "चला रे, समुद्राकाठचे देव बघून येऊ. गोकर्ण, इडगुंजी, मुरुडेश्वर." झालं! गावात नुसती धांदल. दशम्या बांधल्या, चटण्या कुटल्या, ज्यानं त्यानं धोतरं धुवून वाळत घातली. एकटा धोंडी शिंपी गप्प. त्याची बायको शेवंता विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती, तेव्हापासून कमरेखाली जीवच नव्हता. दिवसरात्र बाजेवर. आणि समुद्र बघायचा हट्ट कुणाचा होता सांगू? तिचाच! लग्न होऊन आल्यापासून तिचं एकच, "मला एकदा दर्या दाखवा."

धोंडी महाराजांच्या पायाशी येऊन बसला. "म्हाराज, मी न्हाई येत. तिला सोडून एकट्यानं बघितलं तर ते बघितल्यागत व्हायचंच न्हाई."

महाराज म्हणाले, "पूजेला बसताना बायको शेजारी नसली तर काय करतोस?"

"कमरेला सुपारी लावतो की. तीच बायको मानायची."

"मग तेच कर. सुपारी कनवटीला खोच आणि बघशील ते तिला सांगत जा. डोळे तुझे, बघायचं तिनं."

शेवंताला हे सांगितलं तर ती हसलीच. "जावा की! शेजारची बायजा हाय मला बघायला. पर सांगायचं थांबू नका हां. तुम्ही गप झालासा की माझा जीव घाबरा हुतो."

निघाली मंडळी. आता त्यात होते नाना नाडगौडा. घरचे इनामदार, गोकर्णाला तीनदा जाऊन आलेले, त्यामुळे गाडीत बसल्यापासून नानांचं तोंड बंद नाही. इथं उतरा, तिथं भात बरा मिळतो, अमुक देवळाचा भटजी माझ्या ओळखीचा. आणि यांच्या मागच्या बाकावर धोंडी, सुपारी मुठीत धरून खिडकीशी, "शेवंता, घाट लागला बघ. खाली नुसती धुकटी भरलीया."

नानांनी मान वळवून बघितलं. "धोंड्या, कुणाशी बोलतोस?"

"बायकोशी."

"ही?" सुपारी बघून नाना जे हसले, अख्खी गाडी हसली!

गोकर्णात तर कहरच. तिथं पुरुषांनी अंगातला सदरा काढूनच आत जायचं असतं. धोंडीनं सदरा काढला, सुपारी कनवटीला घट्ट केली आणि कोटितीर्थाच्या काठापासून सुरू झाला. "शेवंता, हे तळं. चारी अंगानं पायऱ्या, पाणी हिरवंगार. ह्यो लाकडी रथ बघ, चाकंच माझ्याएवढी! हितं देव डोळ्यानं दिसत न्हाई गं, बोटानं चाचपायचा. हां... लागला. गार हाय." मागून रांग ओरडतेय, भटजी कानडीत रागावतोय, आणि हा आपला एकदा स्वतःच्या नावानं आणि एकदा तिच्या नावानं बोट लावतोय.

पुढं होन्नावरला शरावती लागली. होडीतून पलीकडं जायचं. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्राचं तोंड. धोंडीनं सुपारी उंच धरली. नाना म्हणाले, "जपून रे, वहिनींना होडी लागेल!" इडगुंजीच्या वाटेवर दोन्हीकडं पोफळीच्या बागा, सुपाऱ्यांचे घोसच्या घोस. तिथं तर नानांना चेवच आला. "धोंड्या, ऊठ! बघ तुझा जनाना! एकीपायी रडत होतास, इथं गाडीभर बायका लटकल्यात!" लोक पोट धरून हसले. धोंडी खाली मान घालून हळूच म्हणाला, "शेवंता, इडगुंजीच्या गणपतीला दोनच हात हाईत म्हणं. आपल्यागत." 

महाराज सगळं ऐकत होते. एका शब्दानं नानांना अडवलं नाही त्यांनी. मला तर ऐकताना रागच आला होता!

मग मुरुडेश्वर. आता तिथं मोठं गोपूर आहे ना, तेव्हा काही नव्हतं. तीन बाजूंनी समुद्र, मधे टेकडी, टेकडीवर लहानसं देऊळ. भर दुपार. दर्शन घेऊन मंडळी पाण्यात उतरली. धोंडीला वाटलं, सुपारी लाटेत निसटली तर? म्हणून त्यानं खडकावर रुमाल अंथरला, त्यावर समुद्राकडं तोंड करून, हो, तोंड करूनच, सुपारी ठेवली. "बस हितं. मी आत जाऊन कसं लागतंय ते सांगतो." आणि पाण्यातून ओरडून सांगायला लागला, "शेवंता, खारं हाय! पायाखालची वाळू पळतीया गं!"

इकडं नाना जेवून पानाची चंची उघडून बसलेले. त्यांनी काय करावं? खडकावरची सुपारी उचलली, अडकित्त्यात धरली आणि

कट्!

दोन खांडं. एक उचलून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "शेवंतावहिनी जरा तुरटच निघाल्या की!"

यावेळी कुणी हसलं नाही बघ. धोंडी तसाच धावत आला, पाणी निथळतंय, रुमाल रिकामा, नानांच्या हातात अर्धं खांड. त्याच्या डोळ्यांपुढं बाजेवरची बायकोच आली. तो तोंड उघडतोय, तिला हाक मारणार, एवढ्यात महाराज खडकावर ताडकन उभे राहिले.

"धोंडीबा, गप! एक शब्द काढायचा नाही!"

अरे, सगळे थिजले! ज्याचं गेलं त्यालाच दटावतात? नानांना वाटलेलं आपल्याला बोलणी बसणार, त्यांची मान आणखी ताठ झाली. आणि धोंडी? त्याच्या पोटात हाक दाटून आलेली. शेवंता, बरी हाईस न्हवं, एवढंच विचारायचं होतं त्याला. पण गुरूचा शब्द! त्यानं स्वतःचा हात तोंडात कोंबला, चावला. मनगटावरून रक्त आलं तरी आवाज नाही. महाराज डोळे मिटून उभे, उजवा हात वर. लाटा येत होत्या, जात होत्या.

मग महाराजांचा हात खाली आला. घामानं निथळत होते. म्हणाले, "बोल आता. हवं तेवढं बोल. आणि नाना, ते उरलेलं खांड त्याला दे."

परतीच्या वाटेवर नाना ज्याला त्याला सांगत होते, "पाहिलंत ना? महाराजांनीसुद्धा त्यालाच गप केलं." धोंडी अर्धी सुपारी मुठीत धरून बसलेला. सांगत होता, पण आवाज रडका.

हरळवाडीत गाडी थांबली तर त्याच्या घरापुढं ही गर्दी! धोंडी पळत आत गेला आणि दारातच मट्कन बसला. वर बघितलं तर आभाळ. तुळई मोडून खाली आलेली, नेमकी शेवंताच्या बाजेवर. बाजेचे दोन तुकडे. बरोब्बर मधोमध.

नाना मागं उभे होते. त्यांनी ते दोन तुकडे बघितले आणि त्यांचा चेहरा चुन्यागत पांढरा झाला.

तेवढ्यात शेजारच्या सोप्यातून आवाज आला, "अवं, हिकडं बघा. मी हिकडं हाय."

शेवंता! भिंतीला टेकून बसलेली, कोपरं सोलवटलेली, पण जिवंत!

"कशी वाचलीस गं?" धोंडीला रडूच आवरेना.

"तुम्ही गप झालासा म्हणून!" ती म्हणाली. "रोज ऐकू येत हुतं मला. तळं, रथ, गार देव, समदं. त्या दुपारी खारं पाणी सांगत हुतासा, आणि एकदम 'कट्' झालं. मग तुमचा आवाजच बंद. मी हाका मारल्या. बायजा पाण्याला गेल्याली. मला वाटलं, दर्यानं वढून नेलं माझ्या माणसाला. बाजेवरनं अंग टाकलं खाली, हातावर सरपटत उंबऱ्यापातुर गेले, भाइर काय ऐकू येतंय का बघाया. आणि मागं धाडकन तुळई! मग तुमची हाक आली. 'हाईस का गं?' म्हणून."

मग शेवंतानं मान वर करून सगळ्यांकडं बघितलं. "पर एक सांगा. तो 'कट्' झाल्यावर 'शेवंतावहिनी जरा तुरटच निघाल्या' असं कोण म्हणलं वो?"

नाना उभ्या उभ्या कोसळले. आधी महाराजांच्या पायावर, "महाराज, माझ्या अडकित्त्यानं... मी मारणार होतो हिला!"

महाराजांनी त्यांना हातानं सावरलं. म्हणाले, "नाही रे. तुळई वाळवीनं पडली. तिला बाजेवरनं उठवायचं तर धोंडीबा गप व्हायला हवा होता. देवानं तुझी चेष्टासुद्धा वाया जाऊ दिली नाही, नाना. तुलाच ते कळलं नाही, तू हसत होतास."

नानांनी शेवंतापुढं जमिनीला डोकं टेकलं. वर काही केल्या करेनात. तीच म्हणाली, "उठा नाना. पर माझा अर्धा दर्या तुम्ही खाल्लासा, तो तरी सांगा. तुम्ही तर लई येळा बघितलाय. कसा हाय?"

नानांनी तोंड उघडलं. "निळा..." म्हणाले, आणि पुढं शब्दच येईना. इतक्यांदा जाऊन त्यांनी तो बघितलाच नव्हता! तसेच डोकं टेकून रडत राहिले.

पण मला राहून राहून धोंडीच आठवतो. भर उन्हात, रिकाम्या रुमालापुढं, बायको मेली असं वाटत असताना गुरू सांगतात, हाक मारू नकोस. त्यानं मारली असती तर तिला आवाज गेला असता, आणि ती बाजेवरच निवांत पडून राहिली असती. त्याला यातलं काहीएक माहीत नव्हतं. खरं सांग, त्याच्या जागी तू काय केलं असतंस?